कोंबड्यात दडलेला रंग

मारान जातीच्या कोंबडीचे अंडे पहिल्यांदा हातात घेणारा माणूस बहुधा एकच प्रश्न विचारतो: याला रंग कोणी लावला? प्रश्न गैर नाही. मुंबईच्या बाजारात पांढऱ्या अंड्यापेक्षा तपकिरी अंड्याला चढा भाव मिळतो, तपकिरी म्हणजे गावठी आणि गावठी म्हणजे पौष्टिक ही समजूत लोकांच्या मनात पक्की बसलेली आहे, आणि तिचा फायदा घेऊन पांढरी अंडी चहाच्या पाण्यात बुडवून गावठी म्हणून खपवल्याच्या बातम्या अधूनमधून कानावर येतात. कवचाच्या रंगाने अंड्याच्या पोषणमूल्यात फरक पडत नाही, हे कितीदा सांगितले तरी गिऱ्हाइकाचा हात तपकिरी अंड्याकडेच जातो. त्यातून खरे गावठी अंडे आकाराने लहान आणि फिकट बदामी असते. मारानचे अंडे त्याच्या दीडपट वजनाचे आणि पिकून जुन्या झालेल्या चिंचेच्या गरासारखे गडद, तांबूस तपकिरी असते. त्यावर तुकतुकी असते आणि काही अंड्यांवर आणखी गडद ठिपके विखुरलेले असतात. असे अंडे पाहून कोणाला शंका आली, तर मला त्याचा राग येत नाही.

आणि एका अर्थी रंग लावलेलाच असतो. कोंबडी स्वतः लावते. अंडे तयार व्हायला साधारण २५ तास लागतात आणि त्यातले वीसेक तास ते कवचग्रंथीत असते. सुरुवातीला तिथे पांढऱ्या चुन्याचे थर चढतात आणि अगदी शेवटच्या काही तासांत प्रोटोपॉर्फिरिन नावाचे रंगद्रव्य कवचावर पसरते. आपल्या रक्तातला हीम हा घटक तयार होताना याच द्रव्यात लोह मिसळते, म्हणजे हे काही परके रसायन नव्हे. तपकिरी अंडे घालणाऱ्या प्रत्येक कोंबडीत ते असते, मारान ते उदार हाताने ओतते इतकेच. नोटा तपासायची अतिनील टॉर्च अंधारात या अंड्यावर धरली की सारे कवच लालसर चमकू लागते. घरी आलेल्या शंकेखोर पाहुण्यांना मी हा प्रयोग करून दाखवते, कारण चहाच्या पाण्यात बुडवलेले अंडे असे चमकत नाही.

रंग शेवटी चढतो याचा पुरावा घरट्यातच मिळतो. कोंबडी उठते तेव्हा अंडे ओले, गरम आणि किंचित चिकट असते. त्या क्षणी अंगठा हलकेच फिरवला तर कवचावर फिकट पट्टा उमटतो आणि बोटाच्या रेषांत तांबूस डाग बसतो. मिनिटभरात वारा लागून कवच सुकते आणि मग तो रंग सहजी निघत नाही. पण त्या मिनिटात भाताच्या पेंढ्याची एखादी काडी टोचली किंवा कोंबडीचे नख लागले, तर तो पांढरट ओरखडा अंड्यावर कायमचा राहतो. म्हणूनच मी घरट्यात पेंढा अंथरत नाही, मऊ लाकडी भुसा घालते. उबवायची अंडी पाण्याने धूतही नाही, कारण त्या वरच्या थरामुळे जंतू बाहेर राहतात.

फ्रान्समधल्या मारान पाळणाऱ्यांनी या रंगासाठी १ ते ९ अशी पट्टी ठरवलेली आहे. चौथ्या छटेपेक्षा फिकट अंडे घालणारी कोंबडी दिसायला कितीही देखणी असली तरी तिला मारानचा मान मिळत नाही. ही पट्टी वापरताना एक पथ्य पाळावे लागते: अंडे दर वेळी एकाच उजेडात पाहायचे. माझ्या ओटीवर सकाळी नऊच्या सुमारास सावलीतला स्वच्छ उजेड असतो; तेवढाच माझा न्यायालयाचा वेळ. ट्यूबलाइटखाली पाहिलेले पाचव्या छटेचे अंडे उन्हात चौथ्याचे निघते.

मारान हे पश्चिम फ्रान्समधल्या ला रोशेल बंदराजवळचे एक गाव आहे. समुद्र जवळ, भोवती दलदल, ती दलदल उपसण्यासाठी काही शतकांपूर्वी खणलेले कालवे आणि कालव्यांतून येणाऱ्या-जाणाऱ्या होड्या असा तो सारा मुलूख. गलबतांवरचे झुंजीचे कोंबडे तिथे उतरले आणि गावातल्या कोंबड्यांत मिसळले. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चीनमधल्या यांगत्से नदीच्या मुखाजवळची लँगशान जात युरोपात आली आणि तिचे रक्त या मिश्रणात उतरले. गडद अंडे आणि पायांवरची पिसे हा लँगशानचा वारसा मानला जातो. १९३०च्या सुमारास फ्रान्समध्ये या जातीचे मंडळ आणि प्रमाणलक्षणे ठरली. इंग्लंडमध्येही ती त्याच काळात पोहोचली. तिथल्या पालकांनी पिसाळ पाय नापसंत करून उघड्या पायांची मारान घडवली, फ्रेंचांनी पिसे राखली. बंदर, खलाशी, परक्या मुलखातून आलेले पक्षी आणि दलदल. खाडीकाठच्या माणसाला हा इतिहास परका वाटत नाही.

मी मनोरीला राहते. मार्व्याच्या धक्क्यावरून फेरीबोटीत बसले की काही मिनिटांत पलीकडचा किनारा लागतो. हद्द मुंबई महानगरपालिकेची, पण गावठाण, कोळी आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती वस्ती, नारळाच्या वाड्या आणि खाडीची तिवरे अजून शाबूत आहेत. इथल्या घरांमागे कोंबड्या पूर्वीपासून असतात, त्यामुळे आमच्याकडचा कोंबडा पहाटे आरवला तर कोणी सोसायटीच्या कार्यालयात तक्रार घेऊन जात नाही. इमारतीतल्या सदनिकेत किंवा गच्चीवर हा उद्योग करू पाहणाऱ्यांना मी सरळ नको म्हणून सांगते. चार किलोंच्या कोंबड्याला मोकळी जमीन लागते, आणि शेजाऱ्यांनाही झोप लागते.

माझ्याकडची मारान एका हौशी पालकाच्या घरी वाढलेल्या पिढीतून आली आहे. परदेशातून जिवंत पक्षी किंवा उबवणीची अंडी परवान्याशिवाय आणता येत नाहीत. १८९८च्या पशुधन आयात कायद्याखाली त्यासाठी केंद्र सरकारची परवानगी लागते, आणि रोगराई पाहता हा निर्बंध योग्यच आहे. त्यामुळे आपल्याकडे जे रक्त फिरते आहे, त्याची वंशावळ कागदावर क्वचितच सापडते. पक्षी आणि त्याचे अंडे हाच कागद समजायचा. ताम्रकंठी काळी, म्हणजे सर्वांग काळे आणि मानेवर तांब्याची झाक असलेली, हा प्रकार सगळ्यांत प्रसिद्ध आहे. डोळे नारिंगी, तुरा एकेरी, कानाच्या पाळ्या लाल आणि पायांच्या बाहेरच्या बाजूला विरळ पिसे. रस्त्यावरून जाणारे लोक काळी कोंबडी पाहून कडकनाथ आहे का म्हणून विचारतात. कडकनाथ झाबुआचा, त्याला २०१८ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. त्याचे मांस आणि हाडेसुद्धा काळपट असतात, अंडे मात्र साधे फिकट. कडकनाथाची खूण त्याच्या अंगावर असते. मारानची खूण तिच्या अंड्यावर असते, आणि या पक्ष्याच्या पैदाशीतली सगळी अडचण तिथेच सुरू होते.

कारण कोंबडा अंडे घालत नाही. कवचाचा रंग एखाद्या जनुकावर ठरत नाही, अनेक जनुके मिळून तो ठरवतात आणि पिल्लाला ती आई आणि बाप दोघांकडून मिळतात. म्हणजे मादी पिल्लू उद्या ज्या छटेचे अंडे घालणार, त्यातला मोठा वाटा अशा बापाचा असतो, ज्याच्या अंगावर त्या छटेची एकही खूण नाही. देखणा, रुबाबदार, मानेवर तांबे झळकणारा कोंबडा फिकट अंड्यांच्या घराण्यातला असू शकतो आणि त्याचा अंगाने किरकोळ भाऊ गडद रंग पुढे नेणारा असू शकतो. नुसते पाहून कोणालाही सांगता येणार नाही. आपल्याकडे कोंबड्याची निवड तुरा, वजन आणि आवाज पाहून होते. झुंजीच्या असील कोंबड्यासाठी ती पद्धत योग्य असेल; मारानसाठी ती साफ निरुपयोगी आहे.

मग कोंबडा ओळखायचा कसा? तो ज्या अंड्यातून बाहेर आला त्या अंड्याचा रंग ही पहिली साक्ष. ती त्याच्या आईविषयी सांगते, बापाविषयी नाही. त्याच्या सख्ख्या बहिणींची अंडी ही दुसरी, जास्त भरवशाची. तिसरी आणि निर्णायक साक्ष त्याच्या मुलींची. पण सहा-सात महिन्यांचा झाल्यावर तो कोंबड्यांत सोडायचा, अंडी २१ दिवस उबवायची आणि त्यातल्या तलंगा, म्हणजे तरुण माद्या, अंड्यावर येईपर्यंत पुन्हा सहा-सात महिने थांबायचे, म्हणजे कोंबड्याचे खरे मोल कळते तेव्हा तो सव्वा वर्षाच्या पुढे गेलेला असतो. तोवर त्याला खाऊ घालायचे, इतरांपासून वेगळे राखायचे आणि त्याच्याविषयी मत बनवायचे नाही. परसातल्या पैदाशीत माझ्या मते हीच खरी कसोटी आहे. अंडी उबवणे, पिल्ले जगवणे ही कामे हाताने शिकता येतात. न दिसणाऱ्या गुणासाठी एका पक्ष्याला वर्षभर जागा द्यायची, हे मनाने ठरवावे लागते.

या कामाला वही लागते आणि तीही नीट राखलेली. कोणते अंडे कोणाचे हे कळण्यासाठी पैदाशीच्या दिवसांत मी कोंबड्यांना पाळीपाळीने वेगळ्या कप्प्यात ठेवते आणि अंड्यावर पेन्सिलीने खूण करते. शाईची नाही, कारण ती कवचातून आत झिरपते. अंडी फुटायच्या तीन दिवस आधी प्रत्येक आईची अंडी उबवणी यंत्रातच वेगवेगळ्या जाळीच्या टोपल्यांत ठेवायची, म्हणजे पिल्ले एकमेकांत मिसळत नाहीत, आणि बाहेर काढताच पायात रंगीत कडे चढवायचे. या जातीच्या पिल्लांच्या पायांवर लव असते, पुढे तिची पिसे होतात आणि कडे त्यांत दडते. वाढत्या पायात ते रुतू नये म्हणून वरचेवर तपासून बदलावे लागते. दुसरा कोंबडा लावायचा असेल तर महिनाभर थांबायचे, कारण पहिल्याचे बीज कोंबडीच्या शरीरात दोन-तीन आठवडे टिकून राहते आणि त्या काळातली अंडी कोणाची हे सांगता येत नाही.

रक्त जवळचे होऊ नये यासाठी लहान कळपात एक जुनी आणि सोपी रीत आहे. कळपाचे तीन गट करायचे. मुली आईच्याच गटात राहतात, निवडलेला मुलगा पुढच्या गटात जातो, पुढच्या वर्षी त्याचा मुलगा त्याच्याही पुढच्या. अशा फिरत्या वाटेने नात्यातले जुगणे बराच काळ टळते. सगळा कळप एकत्र सोडून एकच कोंबडा वर्षानुवर्षे ठेवला, तर आधी अंडी रिकामी निघू लागतात, मग पिल्ले अशक्त निघतात, आणि रंग मात्र गडदच राहिल्यामुळे पाळणाऱ्याच्या लक्षात यायला उशीर होतो.

राखाडी पट्टे असलेल्या मारानमध्ये निसर्गाने एक सोय करून ठेवली आहे. पक्ष्यांत पिल्लू नर होणार की मादी हे आईकडून ठरते, आपल्यासारखे बापाकडून नाही. पट्ट्यांचे जनुक लिंगसूत्रावर असते आणि आई ते सूत्र फक्त मुलग्यांना देते. त्यामुळे पट्टेरी कोंबडी आणि काळा कोंबडा असा जोड लावला, की मुलगे पट्टेरी होतात आणि मुली काळ्या. अंड्यातून निघताच काळ्या पिल्लाच्या डोक्यावर पांढरा ठिपका दिसला तर तो नर. पण हे फक्त नर-मादी ओळखण्यापुरते. अंड्याच्या रंगाबद्दल तो ठिपका काहीच सांगत नाही.

उबवणीविषयी मला थोडे सविस्तर सांगायचे आहे, कारण परदेशी माहितीत दिलेले आकडे मुंबईत जसेच्या तसे लागू पडत नाहीत. पंख्याच्या उबवणी यंत्रात तापमान ३७.५ अंश सेल्सियस ठेवायचे, हे सगळीकडे सारखेच. प्रश्न येतो आर्द्रतेचा. अंड्यातले पाणी कवचाच्या छिद्रांतून हळूहळू उडून जावे लागते. अठराव्या दिवसापर्यंत अंड्याचे वजन ११ ते १३ टक्क्यांनी घटले, तर रुंद टोकाकडची हवेची पोकळी पुरेशी मोठी होते आणि पिल्लाला कवच फोडण्याआधी तिथे पहिला श्वास घेता येतो. पाणी कमी उडाले तर पोकळी लहान राहते आणि पूर्ण वाढलेले पिल्लू आतच गुदमरते. मारानच्या कवचावर रंगाचा जाड थर असल्यामुळे पाणी उडायला इतर अंड्यांपेक्षा जास्त वेळ लागतो; म्हणून जाणते पालक तिच्यासाठी आर्द्रता ४० टक्क्यांच्या आसपास, नेहमीपेक्षा खालीच ठेवतात.

आता जुलैतली मनोरी घ्या. बाहेर हवा २८ अंशांची आणि आर्द्रता ८५ टक्क्यांच्या पुढे. हीच हवा यंत्रात ३७.५ अंशांपर्यंत तापली की तिची सापेक्ष आर्द्रता उतरून ५० टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजे पाण्याची वाटी कोरडी ठेवूनही मारानला हवी त्यापेक्षा जास्त ओल आत राहते आणि ती कमी करण्याचा घरगुती उपाय हाताशी नसतो. जानेवारीत याच्या उलट घडते. हवा गार आणि कोरडी असते, यंत्रात ओल कमी पडते, आणि कमी पडलेली ओल वाटीभर पाण्याने भरून काढता येते. म्हणून मुंबईत मारानची अंडी संक्रांतीच्या आसपास उबवायला ठेवावीत आणि पावसाळ्यात यंत्र पुसून कपाटात ठेवावे, असे माझे ठाम मत आहे.

अंडी तपासण्याची नेहमीची पद्धत म्हणजे अंधारात टॉर्चवर धरून आतल्या शिरा पाहणे. फिकट अंड्यात सातव्या दिवशीच लाल शिरांचे जाळे स्वच्छ दिसते. सहाव्या-सातव्या छटेचे मारान अंडे टॉर्चवर धरले तर आत फक्त काळोख दिसतो. पूर्ण अंधाऱ्या खोलीत, जोरदार टॉर्चवर, रुंद टोक खाली धरून हळूहळू फिरवले तर दहाव्या दिवसानंतर पोकळीची कड तेवढी ओळखू येते. त्यापेक्षा मी वजनावर विश्वास ठेवते. सोनाराकडे असतो तसा दशांश ग्रॅम दाखवणारा छोटा काटा आणायचा आणि ठेवताना अंड्यावर वजन लिहायचे. ७० ग्रॅमचे अंडे अठराव्या दिवशी ६१ ते ६२ ग्रॅमवर आले, तर आत काय चालले आहे ते न पाहताही काम ठीक आहे असे धरायला हरकत नाही.

अर्थात यंत्राहून सरस अशी एक व्यवस्था शेजारच्या घरातच आहे. शेजारच्या आजींच्या गावठी कोंबड्या उन्हाळ्याच्या तोंडावर खुडूक बसतात आणि एकदा बसल्या की उठवल्या तरी उठत नाहीत. टोपलीत राख, त्यावर भुसा आणि एका कडेला विजेच्या कडकडाटापासून राखण म्हणून कोळशाचा तुकडा आणि लोखंडी खिळा, अशी त्यांची तयारी असते. पहिल्यांदा मी माझी गडद अंडी घेऊन गेले, तेव्हा त्यांनी एक अंडे हातात तोलून पाहिले आणि विचारले, “बाय, रंग चांगला हाय, पन ही तुजी कोंबडी सोताच्या अंड्यावर बसते का?” प्रश्न अचूक होता. मारान बसते, पण नेमाने नाही; काही घराण्यांत बसण्याची सवय उरलेलीच नाही, आणि बसली तरी तिच्या वजनाखाली पहिल्या दिवसाची पिल्ले चेपली जाऊ शकतात. गावठी कोंबडी अंगाने हलकी आणि पिल्लांच्या बाबतीत फार दक्ष. ती स्वतःची दहा-बारा अंडी सहज झाकते, मारानची मात्र सहा-सात, कारण अंडी मोठी. पण ती अंडी किती वेळ उघडी ठेवायची, कधी फिरवायची आणि केव्हा पाण्यासाठी उठायचे, हे तिला कोणी शिकवावे लागत नाही, आणि आर्द्रतेचे माझे सगळे हिशेब तिच्या पोटाखाली आपोआप जुळतात. तिच्यामागे फिरणारी पिल्ले घार दिसताच पंखाखाली पळायलाही शिकतात, जे यंत्रातून निघालेल्या पिल्लांना उशिरा कळते.

आजींचा तो प्रश्न पुढेही माझ्या निवडीत राहिला. केवळ रंगासाठी पैदास करत गेले तर कोंबडीचे बाकीचे गुण मागे पडतात, हे जगभरच्या मारान पाळणाऱ्यांनी अनुभवले आहे: अतिशय गडद अंडी घालणाऱ्या घराण्यांत अंड्यांची संख्या कमी आणि उबवणूक कठीण. वर्षाला दीडशेच्या वर अंडी, उन्हापावसात टिकणारे अंग, शांत स्वभाव आणि मग सहावी छटा, हा माझा क्रम आहे. नववी छटा मिळवायला मी हा क्रम उलटा करणार नाही.

खाण्याने कवचाचा रंग गडद होत नाही, हेही इथेच सांगते, कारण बीट, हळद, नाचणी असे अनेक उपाय लोक सुचवतात. बलक पिवळाधमक होतो तो मका, झेंडूच्या पाकळ्या आणि शेवग्याचा पाला यांनी. कवचाला त्याचे काही नाही. कवच मजबूत मात्र खाण्यानेच होते. कोळीवाड्यात तिसऱ्यांच्या शिंपल्यांना तोटा नाही. त्या भाजून, भरड कुटून वेगळ्या भांड्यात ठेवल्या की कोंबड्या संध्याकाळी हव्या तेवढ्या टिपतात आणि रात्री कवच घडताना तो चुना कामी येतो. प्रथिनांसाठी सुकट द्यावी, पण बिनमिठाची आणि बेताची. जास्त झाली की अंड्याला वास येतो, आणि मीठ तर कोंबडीला बाधतेच.

रंग उतरतो तो इतर कारणांनी. तलंग पहिल्यांदा अंड्यावर येते तेव्हाची अंडी सर्वांत गडद असतात. पुढे अंडी मोठी होत जातात, रंगद्रव्य तेवढेच राहते आणि छटा एक-दोन पायऱ्या खाली येते. पिसे झडून विश्रांती झाली की रंग पुन्हा भरतो. फ्रान्समध्ये हिवाळ्याचा दिवस साडेआठ तासांवर येतो, त्यामुळे तिथल्या कोंबडीला सक्तीची विश्रांती मिळते. मुंबईत सर्वांत लहान दिवस अकरा तासांचा आणि सर्वांत मोठा सव्वातेरा तासांचा, त्यामुळे ऋतूचा तो स्पष्ट इशारा तिला मिळत नाही; काही कोंबड्या अंडी बंद न करता वर्षभर रेंगाळत घालत राहतात आणि रंग फिका पडत जातो. भीतीचाही परिणाम होतो. दिवाळीच्या फटाक्यांच्या रात्रीनंतर येणारी अंडी पांढरट, वरून चुना भुरभुरल्यासारखी असतात, कारण घाबरलेली कोंबडी अंडे आतच रोखून धरते आणि रंगावर पुन्हा चुन्याचा थर चढतो. एकाच वेळी अनेकींची अंडी फिकट झाली तर मात्र आजाराची शंका घ्यावी. राणीखेत आणि श्वासनलिकेचा संसर्गजन्य दाह या दोन्ही रोगांत रंग उतरतो.

रोगांविषयी थोडक्यात. पहिल्या आठवड्यात राणीखेतची लस, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात गंबोरोची, आणि खाडीकाठी डास फार म्हणून देवीची लस चुकवू नये, कारण कोंबड्यांच्या देवी डासांमुळे पसरतात. खाडीवर बगळे आणि स्थलांतरित पक्षी उतरतात, कावळे तर सर्वत्र. पाणी आणि खाद्य छपराखालीच असावे. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा लाखो कोंबड्या माराव्या लागल्या, हे महाराष्ट्रातल्या कोंबडी पाळणाऱ्याने विसरू नये. एखादा पक्षी कारण न कळता मेला तर त्याला पुरून मोकळे होण्याऐवजी पशुवैद्यकाला दाखवावा. परळला १८८६ पासूनचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि परसातल्या कोंबडीपालनाची माहिती हवी असल्यास आरे वसाहतीत केंद्र सरकारचे कुक्कुट विकास केंद्रही आहे.

पावसाळ्यात पिसाळ पाय हे मोठे काम होऊन बसते. चिखलाचे गोळे पिसांत सुकून दगडासारखे होतात, बोटांच्या बेचक्यांत जखमा होतात आणि पायांच्या खवल्यांखाली किडे शिरतात. मी खुराडे जमिनीपासून कमरेएवढे उंच घेतले आहे, खाली जाळी आणि अंगणात रेतीचा जाड थर टाकला आहे. उंचीमुळे घुशीही येत नाहीत. पिल्लांना घारीइतकाच घुशीचा धोका असतो आणि घूस रात्री येते. खोबरेल तेल आठवड्याने पायांना चोळले की किडे गुदमरतात. मे महिन्यात उलट त्रास. काळा, जड पक्षी दमट उष्म्यात चोच उघडी टाकून धापा टाकतो, धापांमुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि त्याचा थेट परिणाम म्हणून कवच पातळ होते. गार पाणी, दाट सावली आणि दुपारी खाद्य बंद ठेवून पहाटे आणि संध्याकाळी देणे, याने निभते. जे पक्षी हे दोन्ही ऋतू सहज पार करतात त्यांची नावे वहीत वेगळ्या पानावर असतात.

संक्रांतीला ठेवलेल्या अंड्यांतली पिल्ले आषाढात सहा महिन्यांची होतात. कोंबडे अंगाने भरलेले असतात, त्यांच्या बहिणी मात्र अजून अंड्यावर यायच्या असतात किंवा नुकत्याच आलेल्या असतात. नेमकी याच वेळी गटारी येते. श्रावण लागण्याआधी घरोघरी कोंबड्याची मागणी असते, ओळखीचे लोक दारात येतात, भावही वर्षातला सर्वांत चांगला मिळतो, आणि गावातल्या बहुतेक घरांत जास्तीचे कोंबडे तेव्हाच निघून जातात. पाळलेला कोंबडा पानात वाढण्याविषयी मला संकोच नाही. निम्मी पिल्ले नर निघतात आणि सगळे ठेवणे कोणत्याच परसाला परवडत नाही. पण मारानच्या बाबतीत गटारीला कोंबडे काढणे म्हणजे एकही साक्ष ऐकण्याआधी निकाल देणे. त्या वेळी मी फक्त ज्यांचा दोष उघड दिसतो तेवढे देते: पिवळे पाय, कानाच्या पाळीवर पांढरा डाग, वाकडी बोटे, माणसावर धावून येणारा स्वभाव. बाकीच्यांना श्रावणभर, पुढे गणपती आणि नवरात्रापर्यंत खाऊ घालते. खर्च वाढतो आणि खुराड्यात भांडणे होतात. म्हणून नरांचा गट माद्यांच्या नजरेआड, वाडीच्या दुसऱ्या टोकाला ठेवलेला आहे. माद्या दिसत नसल्या की नर एकमेकांशी बरेच सांभाळून राहतात.

बहिणींची पहिली अंडीही निकालाला पुरत नाहीत, कारण ती नेहमीच गडद असतात. अंडी मोठी व्हायला लागून दोनेक महिने उलटले, ऑक्टोबरचा उष्मा सरला, की मग जी छटा टिकते ती खरी. यंदा मागे ठेवलेल्यांत एक कोंबडा आहे, अंगाने भावांपेक्षा लहान आणि मानेवर तांबे जेमतेम दिसणारा. गटारीला त्याच्याकडे कोणी बोटसुद्धा दाखवले नाही. त्याच्या सख्ख्या बहिणींची अंडी दिवाळीनंतरही सहाव्या छटेवर आहेत आणि पावसात त्यांच्या पायांना काही झाले नाही. संक्रांतीला तो दुसऱ्या गटात जाईल. त्याचा देखणा भाऊ वसईच्या एका ओळखीच्या घरी दिला आहे, तिथे त्यांना राखणीला आणि आरवायला कोंबडा हवा होता.